उपकरण : दगडाबाई

मी डॉक्टर टिल्लूंकडे कामाला लागले ती सत्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर. डोंबिवली पश्चिमेला पहिल्या मजल्यावर दवाखाना, खाली भांड्यांचं दुकान. डॉक्टर दातांचे. अकरा वर्षं दवाखाना चालवत होते आणि अकरा वर्षांत त्यांनी मुख्यतः दात उपटले होते. त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

"शीलाताई, लोक माझ्याकडे दात सोडून द्यायला येतात. ठेवायला कोणी येत नाही," असं म्हणायचे.

दुपारी पेशंट नसले की परदेशी मासिकं वाचत बसायचे. खोटा दात शेजारच्या दातांना नुसता चिकटवून बसवायचा, त्यासाठी शेजारचे चांगले दात घासून बारीक करायचे नाहीत, त्यांच्यावर टोप्या घालायच्या नाहीत, अशी काहीतरी नवी पद्धत निघाली होती. डॉक्टरांना ती तोंडपाठ होती. पण दात चिकटवून घ्यायला डोंबिवलीत कोणी तयार नव्हतं. लोक म्हणायचे, चिकटवायला ते काय पाकीट आहे?

मग दगडाबाई आली.

दगडाबाई कोपरच्या खाडीकडची कोळीण. पन्नाशीची, अंगाने मजबूत, बाजारात मासळी विकायची. नवरा धाकू खाडीत जाळं टाकायचा आणि घरातलं सगळं बोलणं तिच्यावर सोडायचा. तिचा वरचा, अगदी समोरचा दात गेलेला.

"कसा गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"बर्फाच्या गोनीची गाठ सोरत होते दातान. गाठ सुटली, दात पन सुटला."

"दुखतंय का?"

"दुकत नाय. शिटी वाजते."

प्रकार असा होता, की दात गेल्यापासून तिने 'स' म्हटला की तोंडातून शिट्टी निघायची. पापलेट, बोंबील, हलवा यांचं काही अडत नव्हतं. पण 'सुरमई' म्हणून ओरडली की बाजारातली माणसं उलट शिट्टी मारायची. एकदा एका ट्रकवाल्याने ट्रक मागे घ्यायचा थांबवला होता. तेव्हापासून सुरमईचं नाव घेणं तिने सोडलं. सुरमई पाटीत मुकाट पडून राहायची आणि विकली जायची नाही.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "दगडाबाई, मी तुमचा दात चिकटवणार! त्याला मागून धातूचे दोन पंख असतात, ते शेजारच्या दातांच्या पाठीला सिमेंटने—"

"डाक्टर, पंख बिंख तू बघ. मना सुरमई बोलता आली पायजे."

दात ठाण्याच्या लॅबमधून आला. लॅबवाल्याने पंखांना अशी पॉलिश मारलेली, की डॉक्टरांना त्यात स्वतःचे डोळे दिसले. ते खूश झाले. दात बसला. दगडाबाई जिन्यातच "सुरमई! सरंगा! सोलट!" ओरडत खाली गेली आणि भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर आलं.

तिसऱ्या दिवशी विमलाबाई म्हणून मागच्या सोसायटीतल्या एक बाई हातात पिशवी घेऊन वर आल्या. फार गंभीर होत्या.

"डॉक्टर, आमच्या बोंबलाला दात आहे."

पिशवीत खरंच दात होता, पंखांसकट. "आधी वाटलं माशाचाच असेल," त्या म्हणाल्या, "पण बोंबलाने धातूचं काम कुठून करून घेतलं असेल, म्हणून तुमच्याकडे आले."

अर्ध्या तासाने दगडाबाई आली. तोंड मिटलेलं, डोळे उघडे. डॉक्टरांनी दात धुतला, जास्त सिमेंट लावून पुन्हा बसवला. या वेळी चार दिवस टिकला आणि शिंकेबरोबर गेला. धाकूने तो जाळ्याच्या भोकातून काढून आणला.

डॉक्टर दात हातात घेऊन बसले. "सिमेंट उत्तम आहे. नवीन आहे. मग सुटतो कसा?"

दगडाबाईने दात त्यांच्या हातातून घेतला आणि पंखावरून अंगठा फिरवला. "डाक्टर, तू कवा वाम धरलीस?"

"वाम?"

"वाम मासली. गुलगुलीत असते. हातान धरली का निसटते, किती पन जोर लाव. पन हाताला राख लाव, नायतर वालू लाव, मंग हलत नाय. तुजा ह्यो दात वामीसारका गुलगुलीत हाय. सिमेटानं धरायचं कुटं?"

डॉक्टरांनी उठून एक मासिक काढलं आणि मला एक पान दाखवलं. तिथे हेच लिहिलं होतं, फक्त बावीस पानांत. डॉक्टरांनी ते वाचलं होतं. पण पंख खरखरीत करणं लॅबवाल्याचं काम, असं ते समजून चालले होते. आणि लॅबवाला चकाकी म्हणजेच काम असं समजून चालला होता.

माझा मोठा भाऊ नाथा वर्तकनगरला राहायचा. जवळच्या एका कारखान्यात हवेच्या दाबाने वाळू मारून लोखंडी पंपांचा गंज काढायचा. मी आणि डॉक्टर एका शनिवारी दात काड्यापेटीत घालून तिकडे गेलेलो. नाथाने काड्यापेटी उघडली, आत बघितलं, मग आमच्या मागे बघितलं.

"बाकीचा पंप कुठाय?"

"एवढाच आहे," डॉक्टर म्हणाले. "मागची बाजू फक्त. पुढची तशीच राहू द्या, ती तोंडात दिसते."

नाथाने दात पकडीत धरला आणि फवारा सोडला. दात गेला. मागे वाळूचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढा. डॉक्टर, नाथा, मी आणि आणखी दोन कामगार असे दुपारभर चाळण्या घेऊन बसलो. दात सापडला तेव्हा कारखान्यात टाळ्या वाजल्या. दुसऱ्या खेपेला नाथाने दाब निम्मा केला, वाळू पिठासारखी बारीक घेतली आणि दात चिमट्यात आवळला. पंख लिहायच्या पाटीसारखे करडे होऊन बाहेर आले. डॉक्टरांनी नख फिरवलं. नख अडकलं. त्यांचा चेहरा असा झाला, जसं कोणी त्यांना नावाने हाक मारली.

गेटवर वॉचमनने अडवलं. कारखान्यातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक मालाला पास लागतो.

"हा दात माझा आहे," डॉक्टर म्हणाले.

वॉचमनने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिथले दात पूर्ण होते. "आत आणल्याची नोंद नाय. म्हणजे दात कंपनीचा."

शेवटी सुपरवायझर आले, त्यांनी पास फाडला. त्यावर लिहिलेलं: 'दात, पुढचा, नग एक, वाळू मारलेला.' डॉक्टरांनी तो पास जपून फाइलला लावला.

सोमवारी दात बसला. डॉक्टरांनी या वेळी शेजारच्या दातांची पाठही ॲसिडने धुऊन खरखरीत केली, म्हणजे सिमेंटला दोन्हीकडून पकड मिळावी. आठवडा गेला. महिना गेला. दगडाबाई आलीच नाही. डॉक्टर बेचैन झाले. दात टिकला की पेशंट येत नाही, हा त्या पद्धतीचा दोष त्यांच्या आधी लक्षात आला नव्हता.

म्हणून एका सकाळी ते स्वतःच बाजारात गेले, आणि भाजीची पिशवी तिथेच विसरून धावत परत आले.

"शीलाताई! पंचावन्न आणि पाच!"

मला वाटलं कोणाचा नंबर आहे. त्यांनी श्वास घेतला आणि सांगितलं. मोठ्या प्रयोगशाळांत जोड किती टिकतो हे बघायला दात एकदा पंचावन्न अंशाच्या गरम पाण्यात आणि एकदा पाच अंशाच्या गार पाण्यात बुडवतात. शेकडो वेळा. धातू आणि दात उष्णतेने वेगवेगळे फुगतात, आणि त्या ओढाताणीत कच्चा जोड सुटतो. त्याचं यंत्र असतं. दगडाबाई उकळता चहा तोंडात ओतत होती, जीभ पोळली की पाटीतला बर्फाचा खडा गालात धरत होती, आणि पुन्हा चहा.

"ती हे दिवसातून बारा वेळा करते! कोणी न सांगता!"

दुसऱ्या दिवसापासून मी बाजारात, पालथ्या खोक्यावर, वही आणि थर्मामीटर घेऊन. वहीत चार रकाने होते: चहा, बर्फ, गाठ, भांडण. भांडणाचे डॉक्टरांनी लहान, मध्यम आणि मोठं असे प्रकार पाडलेले. चहावाला गणू थर्मामीटर बघून चिडला. "माझ्या चहाला ताप आलाय का?" म्हणाला. मी रोज दहा ते एक बसायचे. अंगाला असा वास यायला लागला, की घरी आमच्या ह्यांनी माझं ताट बाल्कनीत मांडायला सुरुवात केली.

बाजाराला आठवडाभरात सवय झाली. दगडाबाईला सवय झाली नाही, तिला अभिमान झाला.

"शीला, आज किती?"

"अकरा चहा, अकरा बर्फ, दोन गाठी, एक मध्यम भांडण."

"मद्यम? तो मोटा होता. मी त्याचा बाप काढला. मोटा लिव."

मे महिन्यात ती दिवसाला एकोणीस चहा पीत होती. धाकू एकदा दवाखान्यात आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याचं बोलणं मी त्याआधी कधी ऐकलेलं नव्हतं. "डाक्टर, ती डोला मिटत नाय. मी डोला मिटला तर मना उठवते, आनी आकडा सांगते." एवढं बोलून गेला.

पावसाळ्याअखेर आकडा चौतीसशेवर गेला. दात हलला नव्हता. जानेवारीत ठाण्याला दंतवैद्यांची परिषद होती आणि डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा पेपर पाठवला. पॉलिश मारलेला पंख: तीन दिवस आणि चार दिवस. वाळू मारलेला: अजून चालू. छापील फॉर्मवर 'उपकरणाचे नाव' असा रकाना होता. डॉक्टरांनी पेन तिथे बराच वेळ धरून ठेवलं आणि मग लिहिलं, 'द-१'.

पंधरा दिवसांत समितीचं पत्र आलं. पेपर लक्षवेधी आहे. द-१ हे उपकरण आमच्या माहितीचं नाही. ते प्रमाणित असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडावा.

डॉक्टर खचले. "आता यांना काय सांगू?"

दगडाबाईला मात्र त्यात काही अवघड दिसलं नाही. "दाकला ना? मग आमचा वजनमाप्या हाय की. दर वरसाला माज्या काट्याला सील मारतो. त्याला बोलव, मना मारील."

वजनमापांचे इन्स्पेक्टर दामाजी म्हणून होते. फार सचोटीचे. बाजारात त्यांना चहासुद्धा कोणी पाजू शकत नसे. त्यांनी डॉक्टरांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, दगडाबाईभोवती एक फेरी मारली आणि नियमांचं पुस्तक चाळलं.

"उपकरण कशाचं बनलेलं असावं, याबद्दल नियम काही म्हणत नाही," ते शेवटी म्हणाले. "ते प्रत्येक वेळी तेच उत्तर देतं का, एवढंच बघायचं."

त्यांनी ताणकाट्याला सुतळी बांधली, दुसरं टोक दगडाबाईच्या दाढांत दिलं आणि ओढायला सांगितलं. चौदा किलो. पुन्हा. चौदा. तिसऱ्यांदा तिच्या समोर एक गिऱ्हाईक उभं करून सुरमईला नावं ठेवायला लावली, तरी चौदा. दामाजींनी चष्मा काढून पुसला.

"बावीस वर्षांच्या नोकरीत इतकं एकसारखं काही बघितलं नाही," ते म्हणाले, आणि तिथेच, मासळीच्या ओट्यावर कागद ठेवून, दाखला लिहिला. नियमाप्रमाणे सील उपकरणावरच हवं. कपाळावर शिक्का मारून घ्यायला दगडाबाई तयार होईना, तेव्हा त्यांनी तिच्या हातातल्या कड्याला तार ओवून शिशाचं सील दाबलं. जाताना बजावलं, "मुदत संपेपर्यंत उपकरणात दुरुस्ती, फेरफार, काढ-घाल चालणार नाही. केल्यास दाखला रद्द."

बाजारात दगडाबाईची पत वाढली. लोक तिच्याकडून मासळी घेताना काट्याकडे बघेनासे झाले. सील असलेल्या बाईला कोण विचारणार?

परिषद रविवारी होती. त्याच्या आधीच्या बुधवारी ती दवाखान्यात आली ती डावा गाल सुजवून. डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं आणि आधी पुढचा दात बघितला. हलवून बघितला. घट्ट. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. मग त्यांनी मागे बघितलं. खालची दाढ सडली होती, हिरडीत पू झाला होता.

"कधीपासून दुखतंय?"

"धा दिस."

"दहा दिवस? आणि सांगितलं नाहीत?"

तिने हातातलं सील दाखवलं. "काढ-घाल चालत नाय ना."

भिंतीवर कॅलेंडर होतं. डॉक्टरांनी तिकडे बघितलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मी त्यांना ते मोजताना बघितलं, आणि मला राग आला.

"डॉक्टर, ती बाई आहे."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. पण हळू म्हणाले, जसं आत्ताच कळलं असावं.

"चार दिस मी कल काढते," दगडाबाई म्हणाली. "मना काय नाय होत. पाच हजारावर झायलेत. तुजा पेपर जाईल." बोलताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिला थांबवता येत नव्हतं आणि तिने पुसलंही नाही.

डॉक्टरांनी पक्कड घेतली. मला वाटलं दाढेला लावतील. त्यांनी आधी तिचा हात धरला आणि कड्याची तार कापली. सील ट्रेमध्ये पडलं. "नियमाप्रमाणे," ते म्हणाले. मग इंजेक्शन दिलं आणि दाढ काढली. दगडाबाई ओरडली नाही. दाढ निघाल्यावर मात्र खूप रडली, आणि ते दुखण्यासाठी नव्हतं हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

रविवारी आम्ही तिघं ठाण्याला गेलेलो. सभागृह मिळालं नव्हतं म्हणून परिषद एका मंगल कार्यालयात ठेवलेली. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच होत्या. डॉक्टरांनी पेपर वाचला. शेवटी ते म्हणाले, "बुधवारी उपकरणाची दाढ दुखली. मी ती काढली. त्यामुळे दाखला रद्द झाला आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो."

अध्यक्षांनी माइक जवळ ओढला. "उपकरणाची... दाढ?"

"हो."

"उपकरण कुठे आहे?"

"तिसऱ्या रांगेत," डॉक्टर म्हणाले. दगडाबाई उभी राहिली आणि तिने नमस्कार केला.

तिला स्टेजवर नेऊन नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं. दोनशे दंतवैद्य आरसे घेऊन रांगेत उभे राहिले. एकेक जण यायचा, तिच्या तोंडात बघायचा, मान डोलवायचा आणि पुढे जायचा. जागेचा गुण असेल. एकाने सवयीने तिच्या हातात नारळ दिला आणि तिने तो घेतला म्हणून दुसऱ्याने फोटो काढला. एका वयस्कर प्रोफेसरांचा विश्वास बसेना. त्यांनी दाताला रेशमाचा दोरा बांधला आणि हिसका दिला. दात हलला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हिसका दिला. तेव्हा ती चावली.

परिषदेच्या इतिवृत्तात ते आलं आहे. मी स्वतः वाचलंय: 'उपकरणाने परीक्षकांच्या तर्जनीस चावा घेतला. जोड अबाधित.'

पेपर छापला गेला नाही. दाखला नव्हता. पण एका कॉलेजचं पत्र आलं, की द-१ उपयुक्त वाटतं, तशी दोन हवी आहेत. डॉक्टरांनी उलट टपाली कळवलं, हे मॉडेल आता निघत नाही. दामाजींनाही त्यांनी कापलेलं सील परत नेऊन दिलं. दामाजींनी ते खिशात ठेवलं आणि दगडाबाईच्या दाढेची चौकशी केली; शेरा काही मारला नाही.

मी बाजारात बसायची बंद झाले. दगडाबाई पुन्हा बारा चहांवर आली. दवाखान्यात मात्र फरक पडला. कोपर, मोहने, कल्याणहून माणसं यायला लागली आणि दात ठेवायचाय म्हणायला लागली. कोळणीला बसवला तसलाच, वाळूचा, असं सांगायची. डॉक्टर महिन्यातून एकदा डबी घेऊन वर्तकनगरला जायचे, आणि नाथा पंप बाजूला सारून आधी दात घ्यायचा.

पंच्याण्णव साली, सात वर्षांनी, तो दात निघाला. दगडाबाई जिना चढून आली, आता जरा दमत होती, आणि तिने पदराची गाठ सोडून दात टेबलावर ठेवला. "चिंबोरी फोरत होते," एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी तो भिंगाखाली धरला. सिमेंट सगळंच्या सगळं धातूला चिकटलेलं होतं, सात वर्षांनीसुद्धा. सुटलं होतं ते दाताच्या पाठीकडून.

"शीलाताई, बघा. वाळूची बाजू सुटलीच नाही," ते म्हणाले. "सुटली ती माझी. ॲसिडची."

त्यांनी नाथाला फोन लावला आणि तीन वेळा तेच सांगितलं. तिकडे कारखान्यात आवाज फार होता. दगडाबाई खुर्चीत जाऊन बसली, मान मागे टेकली आणि वाट बघू लागली. फोन संपेना तेव्हा म्हणाली, "झायलं का रे डाक्टर? मना दोन पाट्या सुरमई इकायचीय." सुरमई म्हणताना शिट्टी वाजली.

मी ॲसिडची बाटली काढली.